जुन्या कॅरॅव्हॅनच्या छताची दर पावसाळ्यात परतणारी गळती: कारण, तपासणी आणि दुरुस्ती

बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड आणि मध्ये लाकडी सांगाडा अशा बांधणीच्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घरात, एक तक्रार हटकून आढळते. उन्हाळ्यात छताचे सांधे सीलंटने बुजवले जातात, मृगाच्या पहिल्या सरी कोरड्या जातात आणि आपण निर्धास्त होतो. पण आर्द्रा संपण्याच्या आत बिछान्यावरच्या त्याच कोपऱ्यातून चहाच्या रंगाचा ओघळ पुन्हा खाली उतरतो. गोव्यातल्या शिवोलीत आमच्या अंगणात उभ्या असलेल्या बारा फुटी कॅरॅव्हॅनने मला हा अनुभव लागोपाठ तीन पावसाळे दिला. चौथ्या पावसाळ्यात तो कोपरा कोरडा राहिला, मात्र त्याचे श्रेय कोणत्याही नव्या सीलंटला देता येत नाही.

ही गाडी साधारण १९७० च्या दशकातील ब्रिटिश बनावटीची आहे. तिची कागदपत्रे नाहीत, त्यामुळे ती रस्त्यावर नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर टेकवून ठेवलेली आहे आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) घर भरले की जास्तीची खोली म्हणून तिचा उपयोग होतो. हा तपशील सांगण्याचे कारण असे की वर्षभर एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी राहणारी गाडी फिरत्या गाडीपेक्षा वेगळ्या रीतीने गळते.

गळती परत का येते

छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे भेटतात, तिथे त्यांच्या दुमडलेल्या कडा एकमेकींवर येतात, मध्ये मऊ पुट्टीसारख्या पदार्थाचा थर असतो आणि वरून ॲल्युमिनियमची एक पट्टी स्क्रूंनी आतल्या लाकडाला आवळलेली असते. स्क्रूंची डोकी झाकण्यासाठी पट्टीच्या खाचेत प्लास्टिकची अरुंद फीत बसवलेली असते. पाणी तो मऊ थर अडवतो, परंतु त्या थराला कायम दाबाखाली ठेवण्याचे काम स्क्रू करतात, आणि स्क्रूंचा सगळा भरवसा आतल्या दीड-दोन इंची लाकडावर असतो.

आता उष्णतेचा हिशेब पाहावा. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या दशलक्ष भागांपैकी सुमारे २३ भागांनी वाढते. पहाटे २२ अंशांवर असलेला छताचा पत्रा एप्रिलच्या दुपारी ६२ अंशांपर्यंत तापला, तर ३.६ मीटर लांबीत तो सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास ताणतो. त्याच्या खालचे लाकूड धाग्याच्या दिशेने याच्या पाव भागाइतकेही वाढत नाही. ही ओढाताण रोज होते, आणि तापलेल्या छतावर वळवाची सर कोसळली की काही मिनिटांत उलट दिशेने होते. मऊ थर दाबाखाली असेल तर तो ही हालचाल सहन करतो. दाब सुटला असेल तर एका बाजूने सुटून केसाएवढी फट पडते, आणि अशा फटीला पाणी आत ओढून घेण्यासाठी वाऱ्याचीही गरज लागत नाही.

दाब का सुटतो, हे समजायला मला तीन वर्षे लागली. मूळचे स्क्रू साध्या पोलादाचे होते. खारी हवा, दमटपणा, पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की दोन धातूंमध्ये बारीकसा विद्युतघट तयार होतो, त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. भोक मोठे होते, पहिला थेंब आत जातो, लाकूड भिजते, भिजलेले लाकूड कुजते आणि कुजलेल्या लाकडात स्क्रू नुसता फिरत राहतो. स्क्रू ढिला झाला की पट्टी उचलली जाते आणि आणखी पाणी आत जाते. हे चक्र कोणत्याही वरवरच्या लेपाने थांबत नाही. शापोरा नदीकाठी होड्यांची डागडुजी करणाऱ्या एका वृद्ध मेस्त्रींना मी छत दाखवायला आणले, तेव्हा त्यांनी खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरने पट्टीचे चार स्क्रू फिरवून पाहिले आणि एवढेच विचारले, “खिळाच धरत नाही, मग वरचे डांबर काय धरणार?” ते चारही स्क्रू हातानेच बाहेर आले.

आधी खात्री: गळती की दव?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आत दिसणारे पाणी खरोखर बाहेरून येते की आतल्याच हवेतून सुटते, हे ठरवणे आवश्यक आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्या काळात हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर सुमारे २६ अंशांवरच दव जमू लागते. याचा अर्थ पत्रा हवेपेक्षा अवघ्या दोन अंशांनी थंड झाला तरी आतून घामेजतो, आणि पत्रा थंड करण्याचे काम पाऊसच करतो. त्यामुळे पाऊस आला की आत पाणी दिसते आणि आपण डोळे मिटून गळतीला दोष देतो. माझ्या गाडीत दोन्ही होते, ही त्यातली पंचाईत.

फरक ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. दव स्वच्छ असते, ते आधी धातूच्या भागांवर, म्हणजे खिडकीच्या चौकटीवर आणि स्क्रूंच्या उघड्या डोक्यांवर दिसते आणि मोठ्या क्षेत्रावर सारखे पसरते. गळतीचे पाणी लाकडातून झिरपत येत असल्यामुळे तपकिरी असते, त्याला वास असतो आणि ते एखाद्या रेषेने उतरते. तरीही शंका राहिली तर आतल्या प्लायवूडचा संशयित भाग पुसून, पंख्याने वाळवून, त्यावर हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना टेप लावून चिकटवावे. एक-दोन पावसाळी दिवसांनंतर ओल प्लास्टिकच्या आतल्या अंगाला दिसली तर पाणी भिंतीच्या पाठीमागून येत आहे. ती खोलीकडच्या अंगाला दिसली तर ते दव आहे. दवावर उपाय वायुवीजनाचा. गाडीच्या जमिनीत आणि छतात जी कायमची उघडी छिद्रे असतात ती कीटक येतात म्हणून बुजवू नयेत. जमिनीलगतची छिद्रे आणखी एका कारणासाठी असतात: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळल्यास तो त्यांतूनच बाहेर पडू शकतो.

पाणी शिरण्याची जागा शोधणे

पाणी जिथे टपकते तिथे ते क्वचितच शिरलेले असते. माझ्या गाडीत ते पश्चिमेकडच्या पुढच्या कोपऱ्यात शिरून छताच्या आडव्या लाकडावरून साडेचार फूट प्रवास करत होते आणि मग बिछान्यावर उतरत होते. म्हणून प्रथम कोणत्या पावसात गळते याची नोंद ठेवावी. सरळ, जोरदार पावसात गळत असेल तर छतावरील सांधे किंवा छताची झडप संशयित ठरते. नैर्ऋत्येच्या वाऱ्यासोबत येणाऱ्या झडीतच गळत असेल तर पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या उभ्या पट्ट्या, खिडक्या आणि दिवे तपासावेत.

आतले प्लायवूड थोडे उघडल्यानंतर सांगाड्याच्या प्रत्येक लाकडावर पाटीवरच्या खडूने आडव्या रेघा ओढाव्यात आणि खालच्या सपाट कडांवर रांगोळीची पातळ चिमूट पसरावी. पाणी वाहिले की खडू धुतला जातो आणि रांगोळीत वाट उमटते; ती वाट वरच्या दिशेने उलट शोधत जावे. माझ्या अंदाजाची छताची झडप या एका रात्रीच्या प्रयोगाने निर्दोष ठरली.

त्यानंतर नळीची चाचणी घ्यावी. एकाने आत विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने, जोराची धार न सोडता, पाणी घालावे. सुरुवात नेहमी खालून करावी, प्रत्येक सांध्याला किमान दहा मिनिटे द्यावीत आणि मगच हातभर वर सरकावे. वरून सुरुवात केली तर सगळेच ओले होते आणि काहीही कळत नाही. मी ही चूक केली आहे आणि बाहेर नळी धरून उभ्या असलेल्या आमच्या आईने ती मला अजून विसरू दिलेली नाही.

तिसरी पद्धत अधिक नेमकी आहे. दारे-खिडक्या बंद करून, जमिनीतील व छतातील छिद्रांवर तात्पुरती टेप लावून, एका खिडकीत भोक पाडलेला प्लायवूडचा तुकडा बसवावा आणि त्यातून साफसफाईच्या इलेक्ट्रिक ब्लोअरने आत हवा भरावी. आतला दाब किंचित वाढला की बाहेरून सांध्यांवर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे पाणी लावत जावे. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात. माझ्या पट्टीवर सव्वादोन फुटांच्या अंतरात अकरा ठिकाणी बुडबुडे आले, आणि त्यातील नऊ ठिकाणे आदल्या वर्षीच्या सीलंटच्या अखंड दिसणाऱ्या थराखालून फुगत होती. चाचणी संपताच छिद्रांवरील सर्व टेप आठवणीने काढावी.

तीन फसलेले उपाय

पहिल्या वर्षी मी पट्टीच्या दोन्ही कडांना सिलिकॉन लावले. स्नानगृहात वापरले जाणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि ते धातूला अपायकारक असते, हे मला नंतर कळले. त्याहून मोठा त्रास असा की एकदा सुकलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन किंवा रंग, काहीच धड चिकटत नाही, आणि खरवडल्यावरही त्याचा अदृश्य पातळ थर पत्र्यावर राहून जातो. तो निघाला की नाही हे पाण्याचे थेंब टाकून पाहावे: थेंब गोळा होऊन घरंगळत असेल तर सिलिकॉन अजून तिथेच आहे.

दुसऱ्या वर्षीची फॉइल लावलेली डांबरी टेप मे महिन्याच्या उन्हात मऊ होऊन पाझरली. तिसऱ्या वर्षी मी संपूर्ण छताला गच्चीवर लावायचा जलरोधक लेप दिला, आणि तिन्हींत हाच उपाय सर्वांत महाग पडला. लेपाने वरून येणारे पाणी काही काळ अडवले, पण आत आधीच शिरलेली ओल कोंडून ठेवली आणि नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत लाकडाला वाळण्याची जी संधी मिळाली असती तीही घालवली. पुढच्या वर्षी पट्टी उघडली तेव्हा पश्चिमेकडचे छताचे लाकूड भिजलेल्या पावासारखे बोटाने दबत होते.

सांधा उघडून करायची दुरुस्ती

हे काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर संपवावे. आधी एक सावधगिरी: जुन्या गाड्यांमध्ये शेगडी किंवा हीटरच्या मागे ॲस्बेस्टॉसचा पत्रा असू शकतो आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे ओळख पटल्याशिवाय कोरडे घासकाम करू नये.

पट्टी काढताना स्क्रूच्या डोक्यावर जोर करून ती वाकवू नये. गंजलेल्या स्क्रूचे डोके ड्रिलने उडवून पट्टी अलगद उचलावी आणि तिच्या पाठीवर जागा व दिशा लिहून ठेवावी. जुना थर हीट गनने कोमट करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पातीने काढावा, कारण पोलादी पाते पत्र्यावर चरे पाडते आणि पुढची झीज त्या चऱ्यांपासूनच सुरू होते. उरलेला चिकटा टर्पेंटाइनने काढून शेवटी पत्रा स्पिरिटने पुसावा.

लाकडाची तपासणी टोच्याने करावी. टोच्या सहज आत गेला की ते लाकूड गेले असे समजावे आणि निरोगी लाकूड लागल्यानंतरही एक वीत पुढे जाऊन कापावे. तिथे थांबण्याचा मोह होतो, कारण पुढचे लाकूड दिसायला चांगले असते. मी एका ठिकाणी त्या मोहाला बळी पडलो आणि तेवढाच भाग दोनदा केला. नवा तुकडा जोडताना मेस्त्रींनी होडीच्या फळीला देतात तसा तिरका सांधा दिला: लाकडाच्या जाडीच्या आठपट लांबीचा छेद, म्हणजे २५ मिलिमीटर जाडीला २०० मिलिमीटर, आणि मध्ये इपॉक्सी हा चिकटवा. काटकोनात टक्कर लावून जोडलेला तुकडा पत्र्याची रोजची ओढ सहन करत नाही. लाकूड मी मोडलेल्या एका जुन्या घराच्या सागवानी वाशांतून घेतले. कित्येक वर्षे कौलांखाली सुकलेल्या सागापेक्षा स्क्रूला चांगली पकड देणारे लाकूड आपल्याकडे सहज मिळणे कठीण आहे. आतल्या अस्तरासाठी आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे. आयएस ३०३ मधील एमआर (ओलावारोधक) प्रतीचे प्लायवूड इथल्या दमट हवेत टिकत नाही.

जुन्या राहिलेल्या आणि नव्या, दोन्ही लाकडांना दीड भाग बोरॅक्स व एक भाग बोरिक ॲसिड यांचे गरम पाण्यातील द्रावण दोन-तीन वेळा पाजावे. ते बुरशीला आणि वाळवीला आवर घालते, मात्र वाहत्या पाण्याने धुऊन जाते, म्हणून सांधा बंद केल्यावरच त्याचा खरा उपयोग होतो. जिथे इपॉक्सीचा सांधा द्यायचा असेल तिथे हे द्रावण जोडकाम झाल्यानंतर लावावे. मिश्रण मुलांच्या हाती लागू देऊ नये. इपॉक्सी लावण्यापूर्वी, आणि द्रावण वाळल्यावर सांधा मिटवण्यापूर्वी, असे दोन्ही वेळा ओलावा मोजणारे दोन सुयांचे मीटर टोचून पाहावे. लाकडातील ओलावा १५ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजण्यास अनुकूल स्थिती तयार होते.

मिटवताना पत्र्यांच्या दुमडीत आणि पट्टीच्या पाठीवर ब्युटाइल टेप (रबरी चिकट पट्टी) लावावी. ती कधीच पूर्ण सुकून कडक होत नाही, हाच तिचा गुण आहे. स्क्रू एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) प्रतीचे घ्यावेत. त्यातील मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत ३०४ प्रतीपेक्षा अधिक तग धरतात. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यातही झीज होतेच, म्हणून प्रत्येक स्क्रू पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून बसवावा, जेणेकरून दोन धातूंच्या मध्ये खारे पाणी साचणार नाही. जुनी भोके मोठी झाली असतील तर ती इपॉक्सीने भरून नव्याने पाडावीत. पट्टी मधून दोन्ही टोकांकडे, हातातल्या स्क्रू ड्रायव्हरनेच आवळत जावे. ड्रिलने आवळल्यास एका जागी टेप पूर्ण पिळून निघते आणि शेजारी दाबच येत नाही. टेपची कड दोन्ही बाजूंनी सलग बाहेर डोकावली पाहिजे. पहिल्या कडक उन्हाच्या आठवड्यानंतर ब्युटाइल बसते आणि स्क्रू पुन्हा पाव फेरा घेतात. माझ्या मते सर्वाधिक दुरुस्त्या हा पाव फेरा न दिल्यामुळे वाया जातात. त्यानंतरच बाहेर आलेली कड कापावी आणि नवी प्लास्टिकची फीत बसवावी. फितीचे खालचे टोक मात्र बुजवू नये, कारण खाचेत शिरलेले पाणी बाहेर पडायला तीच वाट असते.

खिडक्यांचे रबर कडक झाले असेल तर ते बदलावे. जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून नमुना म्हणून सोबत नेला की बस-बॉडीचे सामान विकणारे त्याच्याशी जुळणारे रबर देऊ शकतात. चौकटीच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. बाजूच्या दिव्यांमागील वायरच्या भोकांकडे कोणी पाहत नाही, आणि तिथूनही गळते.

उभी करण्याची जागा

चालत्या गाडीवरचे पाणी वाऱ्याने आणि हेलकाव्यांनी झटकले जाते. उभ्या गाडीच्या सपाट छतावर ते साचते. म्हणून पुढचे टोक दोन इंच उचलून उतार मागे द्यावा, अर्थात मागचा सांधा आधी दुरुस्त झालेला असेल तरच. निळी ताडपत्री थेट छतावर टाकू नये. ती वाऱ्यात घासून रंग उडवते आणि खाली ओल कोंडते. मी पाइपच्या खांबांवर छतापासून हातभर उंच पत्र्याची शेड घातली आहे, तिच्या बाजू उघड्या आहेत आणि फक्त पश्चिमेला जून ते सप्टेंबर नारळाच्या विणलेल्या झापांचा आडोसा असतो. ज्या माडाची झापे वापरायची त्याच माडाखाली गाडी उभी करू नये. एका नारळाने छतावर केलेला खड्डा मी अजून सरळ करू शकलेलो नाही.

आगोटीच्या (पावसाळ्यापूर्वीच्या) कामांत घराची कौले चाळतो त्याच दिवशी मी आता प्रत्येक चौथा स्क्रू हाताने तपासतो आणि पावसाळ्यात दर रविवारी ओलाव्याचे आकडे दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितो. गेल्या चवथीला बिछान्यावरच्या कोपऱ्यातला आकडा १८ होता आणि तो त्यापुढे चढला नाही. डावीकडच्या मागच्या दिव्याजवळ मात्र २२ आहे, त्यामुळे दिवाळीनंतर तो दिवा काढून त्यामागचे लाकूड उघडायचे ठरवले आहे.